घड्याळ म्हणतं, सगळं ठीक आहे!

मैत्रिणींनो, आमच्या माधवनगरात पहाटे साडेपाच-सहाला बुधगावच्या रस्त्याला लागलात, तर हल्ली एक दृश्य हमखास दिसेल. पंजाबी ड्रेस, पायात बूट, कानाला स्कार्फ आणि डाव्या मनगटावर चौकोनी काळं घड्याळ! पूर्वी भाऊबीजेला भाऊ साडी घ्यायचा, फार तर डिनर सेट. गेल्या चार-पाच वर्षांत ओवाळणीच्या ताटात हे 'स्मार्टवॉच' पडायला लागलंय. दीड-दोन हजारांत मिळतं, बऱ्या साडीपेक्षा स्वस्त, शिवाय ताईच्या तब्येतीची काळजी घेतल्याचं पुण्य पदरात! पावलं मोजतं, नाडी मोजतं, झोप मोजतं, रक्तातला ऑक्सिजन सांगतं, फोन आला की थरथरतं. एवढ्याशा डबीत एवढं सगळं, म्हणजे कौतुक वाटणारच.

माझ्याही हातात दोन वर्षं असंच एक आहे आणि मी ते रोज वापरते. त्यामुळे नावं ठेवायला बसले आहे असं समजू नका. पण घराघरांत या घड्याळाचा शब्द ज्या रीतीने मानला जायला लागलाय, त्याबद्दल मला थोडं भांडायचंय.

आधी त्याचं चांगलं सांगते, कारण ते खरंच आहे. हात कणकेत असताना फोन वाजला, तर कुणाचा आहे ते मनगटावर दिसतं. सिलिंडरवाल्याचा असेल तर धावायचं, कर्ज देऊ करणाऱ्या बँकेचा असेल तर निवांत पोळी उलटायची! पहाटेचा गजर दुसऱ्या कुणाला न उठवता फक्त आपल्या मनगटाला गुदगुल्या करतो. ज्यांच्या घरी एका खोलीत पाच माणसं झोपतात, त्यांनाच याची किंमत कळेल. मोबाइल सापडेना झाला तर घड्याळातून त्याला हाक मारता येते. आमचा एकदा तांदळाच्या डब्यात निघाला होता. असो.

पण सगळ्यात मोठा उपयोग वेगळाच आहे. बाईने नुसतं "मी जरा फिरून येते" म्हटलं की घरातून लगेच विचारणा होते, "मग चहा कोण ठेवणार?" तेच मनगट पुढे करून "आज तीनच हजार झालीत" म्हटलं, की सासूबाईसुद्धा म्हणतात, "जा बाई, पुरी कर जा तुझी पावलं." गंमत बघा, बाईच्या इच्छेला घरात वजन नसतं, आकड्याला असतं. हे काही बरं लक्षण नाही, पण अर्धा तास मोकळा मिळतो तो मिळतोच. ऊस हंगामात ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या चुकवत का होईना, आमच्या इथल्या कितीतरी जणी या आकड्याच्या आधाराने घराबाहेर पडायला लागल्या. त्याबद्दल या घड्याळाला माझे शंभरपैकी शंभर गुण.

आता या पावलांविषयी. दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधून काढलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? टोकियोत १९६४ साली ऑलिम्पिक झालं, त्यानंतर जपानात व्यायामाची लाट आली. १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. नाव छान, आकडा गोल, लक्षात राहणारा. तोच आकडा साठ वर्षांनी आपल्या मनगटावर येऊन बसलाय! पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्क बायकांचा, सरासरी वय ७२, असा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्या बायकांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक पडत नव्हता. तेव्हा रात्री साडेदहाला 'अजून बाराशे राहिलीत' म्हणून हॉलमधून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, झोपा आता. दुखऱ्या गुडघ्यांवर दया करा.

शिवाय घड्याळ पावलं मोजतं म्हणजे काय करतं? त्याला आपला पाय दिसतच नाही. हाताची लयीतली हालचाल त्याला जाणवते आणि त्यावरून ते अंदाज बांधतं. त्यामुळे बसल्या जागी भाकऱ्या थापल्या तरी पावलं वाढतात! मी दहा भाकऱ्या थापून उठले तेव्हा जागेवरून न हलता माझी शे-दीडशे पावलं झाली होती. उलट बाजारातून दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन आले, तर हात हललेच नाहीत म्हणून निम्मी पावलं गायब. कडेवर मूल घेऊन फिरणारीचं तेच. उकिडवं बसून फरशी पुसली, घाम निथळला, तर घड्याळ म्हणतं, 'फार वेळ बसून आहात, जरा हला!' त्या दिवशी मला ते काढून नळाखाली धरावंसं वाटलं.

सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात ते काम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि ते करणारा पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा आकडे २८९ आणि ८८ होते. जवळजवळ पाच तास! या पाच तासांतलं बरंचसं काम घड्याळाच्या लेखी 'बसून राहणं' आहे. घड्याळ बनवणाऱ्यांनी चालणारा, पळणारा, सायकल मारणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवलाय. क्रिकेटपासून योगापर्यंत शंभर खेळांची यादी त्यात असते, पण धुणं, वाकून झाडणं, दळण उचलणं यासाठी बटण कुठल्याच घड्याळात मी पाहिलं नाही.

कॅलरीचा आकडा तर बघूच नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं साठ माणसांना बांधून तपासली होती. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहा यंत्रं बरी निघाली, चूक पाच टक्क्यांच्या आत. पण कॅलरीच्या बाबतीत त्यातल्या सगळ्यात चांगल्या यंत्राची चूकही सरासरी २७ टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के! आणि आपल्याकडे तर आणखी एक भानगड असते. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा नवं घड्याळ घेतो आणि जुनं आईला देतो. आत माहिती त्याचीच राहते, वय २४, पुरुष, उंची पावणेसहा फूट. पन्नाशीच्या आईच्या मनगटावर पोराचा हिशेब चाललेला! तिला तो 'अजून जोर लावा' म्हणून सांगतो आणि ती बिचारी लावते. जुनं घड्याळ हातात आलं की पहिलं काम हे करा, त्यातलं वय, वजन, उंची आपली घाला.

नाडी ते कसं मोजतं हेही समजून घ्या, म्हणजे कधी विश्वास ठेवायचा ते कळेल. घड्याळ उलटं करून बघा, पाठीवर हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. तो उजेड कातडीत शिरतो, रक्ताच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यातला कमी-जास्त परत येतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. म्हणजे घड्याळ कातडीला नीट चिकटलेलं हवं. आता आपल्या मनगटावर आधीच काय काय असतं! पाटल्या, काचेच्या बांगड्या, सणासुदीला कोपरापर्यंत चुडा. बांगड्या घड्याळाला ढकलत राहतात, ते सैल होतं, उजेड आत शिरतो आणि नाडी भलतीच येते. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, बांगड्यांच्या मागे, अंगासरशी बांधलं तर बरं चालतं. आमच्या आजेसासूबाईंच्या पिढीच्या बायकांच्या मनगटावर हिरवं गोंदण असायचं. अशा गोंदणावर बांधलं तर ती शाईच उजेड पिऊन टाकते. हल्ली पोरी 'टॅटू' काढतात, त्यांनाही तेच लागू.

आणि एक प्रयोग घरी करून बघा. मी लाटण्याला रुमाल गुंडाळला आणि त्यावर घड्याळ बांधलं. थोडा वेळ चाचपडलं आणि मग त्याने लाटण्याची नाडी सांगितली, ७६! परत आलेल्या उजेडाचा काही अर्थ लागत नसला तरी गप्प बसायचं नाही, पटण्यासारखा एखादा आकडा द्यायचा, अशी स्वस्तातल्या घड्याळांची खोड असते. 'मला कळत नाही' असं ते सहसा म्हणत नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पण जे सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते आता सांगते.

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी, वय एक्केचाळीस. नाव लिहीत नाही, पण त्यांनी 'लिहा की, दुसरीला तरी उपयोग होईल' असं सांगितलंय. गेल्या वर्षी उन्हाळ्यापासून त्यांना जिना चढला की दम लागायचा. दुपारी गळून गेल्यासारखं व्हायचं, डोकं हलकं व्हायचं. त्यांनी घरात सांगितलं. नवऱ्याने मनगट पाहिलं, ऑक्सिजन ९८, शेजारी हिरवी खूण. "अगं, अठ्ठ्याण्णव आहे की! काही झालेलं नाही तुला." मुलानेही पाहिलं, ९८. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळेला घड्याळ नव्हतं, तरी दम लागतच होता. कामाची बाई आहेस, चालायचंच." असे तीन महिने गेले. वहिनींनाही वाटायला लागलं की आपलेच लाड चाललेत. शेवटी एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालताना चक्कर येऊन खाली बसल्या, तेव्हा मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन निघालं ६.४! बाईला निदान १२ तरी हवं. गर्भाशयात गाठी होत्या आणि पाळीत महिनोन् महिने खूप रक्त जात होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

मग घड्याळ खोटं बोललं का? नाही, हीच तर अडचण आहे. ऑक्सिजन ९८ हा आकडा बरोबरही असेल. पण त्याचा अर्थ घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हता. साध्या भाषेत सांगते. माधवनगरच्या स्टॉपवर उभ्या राहा. सांगलीहून तासगावला जाणाऱ्या एसटीच्या प्रत्येक गाडीतल्या शंभर जागांपैकी अठ्ठ्याण्णव भरलेल्या आहेत, असं तुम्हाला कुणी सांगितलं. छान. पण दिवसभरात गाड्या किती सुटल्या? वीसच्या जागी दहाच सुटल्या असतील तर निम्मी माणसं स्टॉपवरच राहणार. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे या गाड्या आणि ऑक्सिजन म्हणजे प्रवासी. घड्याळ, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटरसुद्धा, फक्त गाड्या किती टक्के भरल्यात ते सांगतो. गाड्या किती आहेत ते त्याला कळत नाही. म्हणून रक्त निम्म्यावर आलेल्या बाईचाही ऑक्सिजन ९८ दिसू शकतो.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी ऑक्सिजनचा धसका घेतला होता. ९४ च्या खाली गेलं की दवाखाना, हे डोक्यात पक्कं बसलं. त्या वेळी ते बरोबरच होतं, पण तेव्हापासून '९८ म्हणजे तब्येत ठणठणीत' असा उलटा समजही घराघरांत रुजला. आणि आपल्याकडे बायकांचं दुखणं अनेकदा रक्ताच्या कमतरतेचं असतं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. त्याआधीच्या फेरीत ते ४८ टक्के होतं. म्हणजे सकाळी बुधगावच्या रस्त्याला चालणाऱ्या दोघींपैकी एक. जो रोग आपल्यात सगळ्यात जास्त, त्यातलं या घड्याळाला ओ की ठो कळत नाही, आणि वरून ते हिरवी खूण दाखवतं.

यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. वहिनी बऱ्या झाल्यावर मी त्यांच्या घड्याळाचे मागचे महिने काढून बघितले. बसल्या जागची नाडी पूर्वी सत्तर-बहात्तर असायची. मार्चपासून ती चढत गेली होती, ऐंशी, मग नव्वद, जूनमध्ये रात्रीच्या झोपेतसुद्धा शहाण्णव! गाड्या कमी असल्या की आहेत त्यांनाच जास्त फेऱ्या माराव्या लागतात, तसं हृदय धावत होतं. घड्याळाने हे इमानेइतबारे टिपून ठेवलं होतं. पण ते लाल झालं नाही, वाजलं नाही, कारण शंभरच्या आतली नाडी त्याच्या हिशेबात 'नॉर्मल' होती. आणि घरातल्या कुणी तो आलेख उघडलाच नाही. ऑक्सिजनचा आकडा मात्र सगळ्यांनी दहा-दहा वेळा पाहिला.

म्हणून माझं मत असं झालंय, की या स्वस्त घड्याळातली एकच गोष्ट जपून बघावी, ती म्हणजे सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, शांत पडून असतानाची नाडी. आजची दुसऱ्या कुणाशी ताडायची नाही, आपलीच आपल्या मागच्या महिन्याशी ताडायची. ती पंधरा-वीस ठोक्यांनी वर चढली आणि उतरत नसेल, तर घड्याळाला न विचारता डॉक्टरांना विचारा. आणि वर्षातून एकदा 'सीबीसी' नावाची रक्ताची तपासणी करा. लॅबमध्ये काही शे रुपयांत होते, हिमोग्लोबिन तर सरकारी आरोग्य केंद्रातही बघतात. लोहाच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. पाळीत जास्त रक्त जात असेल तर ते आधी सांगा, नंतर बाकीचं.

छातीचं दुखणं, दम, जबड्यात-पाठीत कळ, मळमळ, एकाएकी घाम, यातलं काही झालं तर मनगटाकडे बघत बसू नका. हार्ट अटॅकमध्ये बायकांना छातीत दुखण्याबरोबर, आणि कधी कधी त्याच्याशिवायही, बाकीची लक्षणं बऱ्याचदा असतात. महागड्या घड्याळातल्या ईसीजीलासुद्धा हार्ट अटॅक ओळखता येत नाही, कंपन्याच तसं लिहून देतात. मग आपल्या दोन हजारांच्या घड्याळाची काय कथा! तिथे १०८ ला फोन करायचा.

रक्तदाब दंडाला पट्टा बांधूनच मोजावा. घड्याळातला बीपी बघून कुणी गोळी अर्धी करत असेल तर तिला आजच थांबवा. आणि मोबाइलवर जाहिराती येतात ना, 'सुई न टोचता शुगर मोजणारं घड्याळ, फक्त ९९९'? असं कुठलंही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, ते वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला होता. ज्यांना इन्सुलिन चालू आहे त्यांच्या तर ते जिवावर बेतेल.

झोपेचे गुणही असेच. रात्री दोनला जाग आली, पोरगं उठेल म्हणून बाई हलत नाही, छताकडे बघत पडून राहते. घड्याळाच्या हिशेबी ती गाढ झोपेत! सकाळी ८५ गुण. पट्ट्याखाली घाम आणि साबण साचून पुरळ येतं, धुणं-भांडी करताना ते काढून ठेवावं. पाण्याची त्याची परीक्षा साध्या, गार पाण्यात झालेली असते, गरम पाणी आणि सोडा त्याला मानवत नाही. बिल आणि वॉरंटीचा कागद डब्यातच ठेवा.

अजून एक आहे, ज्यावर कुणी बोलत नाही. घड्याळ बायकोच्या हातात, पण त्याचं ॲप बऱ्याच घरी नवऱ्याच्या नाही तर मुलाच्या मोबाइलमध्ये असतं, कारण 'तुझ्या फोनमध्ये जागा नाही'. म्हणजे ती किती चालली, किती वाजता झोपली, पाळीची तारीख कधीची, सगळं दुसऱ्याच्या खिशात. आपल्या आया कालनिर्णयावर पेन्सिलीने बारीकशी खूण करायच्या, तिचा अर्थ फक्त त्यांना कळायचा. हिशेब आपल्या शरीराचा आहे, तर तो आपल्याच फोनमध्ये हवा. जागा नसेल तर लग्नाचे चार व्हिडिओ पुसा.

वहिनींचं हिमोग्लोबिन आता साडेअकरावर आलंय. घड्याळ त्या अजून वापरतात, पावलं चालतात, सकाळची नाडी वहीत लिहितात. ऑक्सिजनचा आकडा मात्र त्यांनी पडद्यावरून काढून टाकलाय. मुलानेच काढून दिला. सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांत निघतो.